गाण्याआधीचे दोन शब्द

शास्त्रीय गायकांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. तबलजींवर थोडे, सारंगियांवर त्याहून थोडे. परंतु रेडिओवर गाणे सुरू होण्यापूर्वी जो आवाज गायकाचे, रागाचे आणि तालाचे नाव सांगून बाजूला होतो, त्या आवाजाचे गुणदोष कोणी नीट तपासल्याचे माझ्या वाचनात नाही. लग्नात अंतरपाट धरणाऱ्यांची कोणी विचारपूस करीत नाही, त्यातलाच हा प्रकार. मात्र अंतरपाट वाकडातिकडा धरला, किंवा मंगलाष्टके संपली तरी तो दूर झालाच नाही, तर साऱ्या मांडवाच्या ते लक्षात येते. निवेदकाचेही तसेच. तो चुकला की सर्वांना दिसतो, आणि चुकला नाही तर लोक घरी जाताना म्हणतात, "आज गाणे काय रंगले!" त्यात त्याचा वाटा किती, हे कोणी विचारीत नाही.

दिवाळी अंकात हा विषय काढण्याचे कारण वाचकांनी ओळखले असेलच. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकावे, कारीट फोडावे, रेडिओवरचे नरकासुरवधाचे कीर्तन ऐकत पोह्यांचे चार प्रकार खावेत, एवढाच आमच्याकडे कार्यक्रम असे. आता गावोगाव 'दिवाळी पहाट' साजरी होते. चांगली गोष्ट आहे. व्यासपीठ सजते, पणत्या लागतात, तंबोरे जुळतात, आणि मग निवेदक उभे राहतात. ते आधी प्रकाशावर बोलतात, मग अंधारावर बोलतात, मग पुन्हा प्रकाशावर येतात. दोन उर्दू शेर होतात, एक कवितेचे कडवे होते, देणगीदारांची नावे होतात. गायकाला 'स्वरांचा जादूगार' आणि गायिकेला 'सरस्वतीचे लेणे' म्हणून होते. तोपर्यंत दिवस वर येतो, पणत्यांतले तेल सरते, खाऱ्या वाऱ्याने तंबोऱ्याच्या तारा उतरतात आणि ललत गाण्याच्या तयारीने बसलेल्या गायकाला तोडीकडे वळावे लागते. एवढे सगळे बोलून झाल्यावर आता कोणता राग ऐकायचा आहे, ते मात्र सांगायचे राहून जाते.

ही थट्टा झाली. पण तिच्यामागचे दुखणे खरे आहे. कारण याच कलेचा एक निराळा, मितभाषी वारसा आपल्याजवळ आहे. तो आपल्याला रेडिओने दिला, आणि आपण त्याची किंमत केली नाही.

गाण्याला नाव जोडून देण्याची चाल तशी रेडिओच्याही आधीची. १९०२ साली कलकत्त्यास ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रण झाले तेव्हा गौहरजान ही गायिका तीन मिनिटांचे गाणे संपता संपता इंग्रजीत आपले नाव स्वतःच उच्चारून मोकळी होत असे. आज ते ऐकताना लोकांना त्यात ऐट दिसते. ऐट असेलही. पण मूळ कारण व्यवहाराचे होते असे सांगतात. मुद्रिका छापण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात, आणि तेथल्या कामगारांना कोणती मुद्रिका कोणाची हे कळावे, म्हणून ही योजना होती. म्हणजे आपल्या अभिजात संगीताची पहिली निवेदिका गायिकाच होती आणि तिचे निवेदन चार शब्दांचे होते. गरजेपुरते बोलणे हा गुण या कलेच्या जन्मापासूनचा आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे केंद्र सुरू झाले. ते चालविणारी खाजगी कंपनी १९३० मध्ये बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आले. सकाळी केंद्र उघडताना जी धून वाजते ती त्याच सुमारास वॉल्टर कॉफमन या परदेशी संगीतकाराने बांधली, आणि आपल्या कानांना ती शिवरंजनीसारखी लागते. शास्त्रीय संगीताला खरे राजासन मिळाले ते १९५२ नंतर. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर तेव्हा नभोवाणीमंत्री झाले. शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात, १९५२ मध्ये सुरू झाला. त्यांनी सिनेसंगीताला दार लावून घेतले, तेव्हा लोकांनी काटा फिरवून सिलोन गाठले. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात 'विविध भारती' सुरू करावी लागली. केसकरांच्या या हट्टाबद्दल पुष्कळ हसून झाले आहे. मला एवढेच म्हणावयाचे आहे, की त्या हट्टामुळे ज्यांनी आयुष्यात कधी मैफल पाहिली नाही, अशा लाखो माणसांच्या घरात ख्याल शिरला, आणि तो आत आणला तो निवेदकाने.

आमच्या बाजूला हे विशेष खरे आहे. मैफिली व्हायच्या मुंबईस, पुण्यास, मिरजेस, कोल्हापुरास. मालगुंडला देवळातले भजन, शिमग्याचे खेळे आणि उत्सवातले संगीत नाटक. मुंबई केंद्र समुद्रावरून येताना लाटांसारखे खाली-वर होई. आणि आषाढात वीज चमकली की तान आणि कडकडाट यांत फरक करणे कठीण. १९७७ साली रत्नागिरीचे केंद्र झाले तेव्हा कोठे आवाज घरच्यासारखा आला.

आमच्या वाडीत एक भजनीबुवा होते. मी शाळकरी मुलगा असताना ते म्हातारे होते. गुरू कोण असे विचारले तर पडवीतल्या रेडिओकडे बोट दाखवीत. त्यांच्याजवळ लांबट बांधणीची एक वही होती. तीत त्यांनी रकाने आखले होते: तारीख, कलावंत, राग, ताल, तबला, शेरा. रेडिओवर निवेदन सुरू झाले की ते पेन्सिल जिभेला लावून तयार बसत. शेऱ्याच्या रकान्यात 'बरा', 'फार घाई', 'पाठ होईल' असे काहीबाही असे; एके ठिकाणी 'भात करपला' एवढेच आहे आणि त्याहून मोठी पावती मी वाचलेली नाही. ही वही मी नंतर पुष्कळदा चाळली. तीत बुवांचा आवाज आहेच; पण बारकाईने पाहिले तर तीत निवेदकाचाही आवाज आहे. राग, ताल आणि तबल्याचा रकाना त्याने भरला आहे. ज्या माणसाला तो कधी भेटला नाही, त्याला त्याने वर्षानुवर्षे श्रुतलेखन घातले आहे.

त्या वहीत एका ठिकाणी 'पूरिया' असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह केले आहे. त्याची हकीकत बुवा सांगत. एका केंद्रावरून पूरिया म्हणून जाहीर झाले आणि प्रत्यक्षात गायक गायला मारवा. आता मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांचे स्वर तेच: पंचम वर्ज्य, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र. भेद आहे तो वजनाचा आणि वस्तीचा. मारव्यात ऋषभ-धैवत असे काही ताणून धरतात की षड्जावर येणेसुद्धा लांबणीवर पडते. पूरिया गंधार-निषादांवर टेकतो आणि खालच्या सप्तकात रमतो. सोहनी वरच्या षड्जाभोवती घिरट्या घालते. बुवांच्या कानाला संशय आला. पण त्यांनी नाव खोडले नाही. "रेडिओ सांगतो म्हणजे काय खोटे सांगतो?" असे म्हणून त्यांनी शेजारी फक्त प्रश्नचिन्ह काढले. गाणे संपल्यावर दुरुस्ती झाली नाही, दुसऱ्या दिवशीही झाली नाही.

मी शाळामास्तर आहे, म्हणून मला या प्रश्नचिन्हाचे फार वाटते. फळ्यावर चुकीचे लिहिले तर पन्नासांतले एक तरी पोर बोट वर करते. रेडिओपुढे बसलेल्याला बोट वर करण्याची सोय नाही. तो एक तर निमूट चुकीचे शिकतो, नाहीतर स्वतःच्या कानावरचा विश्वास गमावतो. दुसरी हानी पहिलीपेक्षा मोठी आहे. म्हणून निवेदकाचा पहिला धर्म अचूकपणा. गोड आवाज, स्वच्छ उच्चार, भारदस्तपणा हे सर्व त्याच्या मागून. आपल्याकडे निवेदकाची स्तुती करताना 'काय आवाज आहे!' असे म्हणण्याची पद्धत पडली आहे, ती मला अपुरी वाटते. हुजूर कचेरीतल्या कारकुनाचे अक्षर मोत्यासारखे आहे म्हणून सातबारावर चुकीचे नाव चालेल काय?

परंतु नुसती अचूकता म्हणजे कला नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. 'यांचे शास्त्रीय गायन आता आपण ऐकू. राग देशकार, ताल तीनताल.' हे अचूक आहे, आणि तारेसारखे कोरडे आहे. सरकारी निवेदनाचा हा दोष जुना आहे. कलेला वाव कोठे आहे ते याच उदाहरणावरून पाहू. देशकार आणि भूप या दोहोंत स्वर पाचच, आणि तेच पाच. भूप संध्याकाळनंतरचा, गंधाराला मानणारा. देशकार सकाळचा, धैवताला मानणारा. निवेदकाने फक्त एवढे म्हणावे: "आता देशकार. स्वर भुपाचेच आहेत. कान मात्र धैवताकडे ठेवावा." एका वाक्याचे काम. पण ज्याने भूप ऐकला आहे त्याच्या हाती त्याने दोरी दिली, आणि ज्याने काहीच ऐकलेले नाही त्याला कुठे पाहायचे ते दाखविले. येथे 'आर्त', 'दिव्य', 'भावविभोर' असा एकही शब्द नाही. विशेषण श्रोत्याला आधीच सांगून टाकते की तुला काय वाटले पाहिजे. आणि गायकाचा आवाज त्या दिवशी बसलेला असला, तर ते विशेषण त्याच्याच गळ्यात अडकते.

या ठिकाणी कोणी अमीन सायानींचे नाव घेतील. घ्यायलाच हवे. १९५२ च्या डिसेंबरात सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि २०२४ मध्ये ते वारले तोपर्यंत, आणि त्यानंतरही, त्यांच्या 'बहनों और भाइयों'ची नक्कल लहान पोरे करतात. त्यांची कला थोर होती. परंतु ती निराळ्या धंद्यातली होती. सिनेमातले गाणे तीन मिनिटांचे, श्रोत्यांना तोंडपाठ. कुतूहल काय ते त्याच्या पायरीचे. तेथे गाणे आणि बोलणे मिळून एक पक्वान्न होते, जसे जिलबी आणि मठ्ठा. ख्यालाचे तसे नाही. तो पहिल्या षड्जापासून शांततेतून उगवतो. त्याच्या तोंडाशी हसत-खेळत बोलणारा आवाज ठेवला तर पुढली पाच मिनिटे आपण त्या आवाजाच्याच नादात असतो. सायानींची थेट नक्कल शास्त्रीय मैफलीत करणाऱ्यांनी त्यांचा उत्साह घेतला, पण कोठे काय बोलावे ही त्यांची नेमकी जाण घेतली नाही.

मोठ्या मंडपातही कमी बोलून भागते, याचे उदाहरण पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात आहे. १९५३ पासूनचा हा उत्सव, श्रोते हजारोंनी. तेथे आकाशवाणीच्या मुशीतून आलेले आनंद देशमुख अनेक वर्षे निवेदन करीत आले आहेत. गायक कोण, शिकला कोणाजवळ, साथीला कोण, एवढे सांगून ते बाजूला होतात. एवढ्या गर्दीपुढे ध्वनिक्षेपक हाती असताना बाजूला होणे सोपे नाही.

आणि जेथे जास्त बोलायचे असेल तेथे तेवढी विद्या हवी. डॉ. अशोक रानडे यांनी बैठकीची लावणी, देवगाणी असे विषय घेऊन जे कार्यक्रम बांधले, त्यांत बोलणे भरपूर होते. पण ते गाण्याच्या आधी लावलेले तोरण नव्हते. एक गाणे ऐकून जो प्रश्न मनात उभा राहावा, त्याचे उत्तर त्यांच्या बोलण्यात असे आणि पुरावा पुढच्या गाण्यात. लेखणीने हेच काम त्याआधी केशवराव भोळ्यांनी 'एकलव्य' या नावाने केले होते. गायकाचा गळा कुठे लागतो, तो कुठे थांबतो, हे ते आधी पाहत; स्तुती किंवा निंदा मागाहून. निवेदकांना अभ्यासाला नमुने हवे असतील तर ते आपल्याकडे असे घरचेच आहेत.

आता एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, आणि तो आक्षेप माझ्या गावचाच आहे. कवी केशवसुत याच मालगुंडचे, स्वतः शाळामास्तर, आणि एका शाळामास्तराचे चिरंजीव. १९९४ पासून येथे त्यांचे स्मारक आहे. त्यांची 'सतारीचे बोल' ही कविता आपण सर्वांनी शाळेत वाचली असेल. काळोखी रात्र, मनाला घेरून राहिलेली खिन्नता, आणि कुणाच्या तरी खिडकीतून आलेले सतारीचे सूर. ते ऐकता ऐकता त्या माणसाचे मन निवत जाते. वाजविणारा कोण, राग कोणता, तबल्याला कोण होते, यातले अक्षर कवितेत नाही. मग, गाण्याला निवेदक हवाच कशाला? बिननावाची सतार जर मरगळलेल्या माणसाला उभे करते, तर तुमचे हे राग-तालांचे रकाने म्हणजे सगळी मास्तरकी नव्हे काय?

आक्षेप जोरदार आहे. सुरांचे जे अगदी आतले काम आहे, त्याला नावाची गरज लागत नाही हे मला कबूल आहे. बुवांचा भात करपला तेव्हा ते रकाने भरीत नव्हते. पण कवितेतला माणूस त्या खिडकीखाली दैवयोगाने आला. दुसऱ्या रात्री त्याला तीच सतार पुन्हा ऐकावीशी वाटली तर तो कुणाला विचारील? शहरातल्याला विचारायला माणसे असतात, गुरू असतात, गायनसमाज असतात. खेड्यातल्याला तो योग पुन्हा घडवून आणायचा असेल तर हातात एक नाव असावे लागते. 'बागेश्री' हे नाव कळले म्हणजे पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाच्या गळ्यातून बागेश्री आला की तो ओळखीचा पाहुणा म्हणून येतो. केशवसुतांची सतार एका रात्रीपुरती सुखाची होती. बुवांना ती आयुष्यभर पुरवायची होती.

गंमत पाहा. ज्या १९७७ साली आमचे रत्नागिरी केंद्र झाले, त्याच साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' याने अंतराळात पाठविली आणि त्यांच्याबरोबर जगातल्या संगीताची एक सुवर्णमुद्रिका दिली. तीत आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ऐकणारा कोण असेल, त्याला कान असतील की नाही, याचा पत्ता नाही. तरीही त्या मुद्रिकेच्या वेष्टनावर काय कोरले आहे? केसरबाईंची थोरवी नव्हे. मुद्रिकेवर सुई कशी ठेवावी, ती किती वेगाने फिरवावी, याची आकृती. परक्या लोकातल्या श्रोत्याला जे दिले, ते मालगुंडच्या श्रोत्याला दिले तर पुरे.

साथीदारांविषयीही दोन शब्द बोलायला हवेत. रेडिओने हार्मोनियमला १९४० पासून सुमारे तीन दशके बाहेर ठेवले, हा अन्यायच होता. पण तबला आणि सारंगी यांवर बसलेल्यांची नावे रेडिओने नेमाने घेतली. वसंतराव आचरेकर म्हणजे कुमार गंधर्वांचा तबला, हे आमच्याकडच्या माणसाला कुमारांना डोळ्यांनी न पाहता ठाऊक होते. तंबोऱ्यावर बसलेल्यांची नावे मात्र तेथेही क्वचितच आली. उपाध्यांचेही एक पाहावे. जुन्या निवेदनात कोणी बुवा असत, कोणी खाँसाहेब, कोणी बाई, आणि त्या एका शब्दातून गाण्याची वाट कळे. आता काल ज्याचा गंडा बांधला तोही पंडित.

आज परिस्थिती उलटी झाली आहे. गाण्याचा दुष्काळ राहिला नाही. २०१६ च्या प्रजासत्ताकदिनी आकाशवाणीने 'रागम्' ही चोवीस तास अभिजात संगीताची वाहिनी सुरू केली, आणि मोबाइलवर तर अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्यपरंपरेपासून कालच्या नवशिक्यापर्यंत सर्व एका बोटावर आहेत. माझे विद्यार्थी अर्ध्या मिनिटात मारवा काढून दाखवितात. पण त्या पडद्यावर पुष्कळदा गायकाचे नाव असते, रागाचे असते, आणि तबलजीचा रकाना रिकामा. कित्येकदा रागाचे नावही ज्याने ते चढविले त्याच्या मनाप्रमाणे. एकीकडे अंधार-प्रकाशावर बोलत सुटलेले व्यासपीठ आणि दुसरीकडे हे मुके यंत्र. या दोहोंच्या मधे बेताचे आणि खरे बोलणारा एक माणूस असावा, ही अपेक्षा फार मोठी आहे असे मला वाटत नाही.

तो माणूस अजून आहे. आकाशवाणीच्या केंद्रांवर नैमित्तिक निवेदक म्हणून काम करणारी तरुण मुले-मुली आहेत. उच्चार सुधारण्यासाठी त्यांना शिक्षणही दिले जाते. त्यांच्याकडून माझे मागणे किरकोळ आहे. मुद्रण हवेत सोडण्यापूर्वी निदान त्याची पहिली पाच मिनिटे ऐकावीत, म्हणजे मारव्याचा पूरिया होणार नाही. बंदिशीचे पहिले शब्द जमल्यास आधी सांगावेत, कारण विलंबितात ते शब्द ओळखता ओळखता अर्धे गाणे संपते. दक्षिणेकडची नावे उच्चारताना त्या बाजूच्या कुणाला तरी विचारावे. वेळ संपली म्हणून चढत्या तानेवर कात्री लावायचीच असेल तर गाणे हळूहळू मावळू द्यावे. त्यावर आपला आवाज आदळू नये. आणि गाणे संपल्यावर कलावंत, राग, ताल, तबला ही नावे पुन्हा एकदा सावकाश सांगावीत. हे मागाहूनचे निवेदन अलीकडे फार वेळा गळते. दूध काढून, हातपाय धुऊन कोणी उशिरा रेडिओ लावलेला असतो. त्याने अर्धेच गाणे ऐकलेले असते, आणि ते कशाचे होते हे त्याला अजून कळायचे असते.